तिसऱ्या रविवारची मेणबत्ती

लक्ष्मीपुरीत सात दुकानं पालथी घातली.
जांभळ्या तीन मिळाल्या,
पांढरी तर कुठंही मिळते,
गुलाबी मात्र नाही.
"वाढदिवसाची चालंल काय?" एकानं विचारलं,
करंगळीएवढी, चमकीत गुंडाळलेली.
नको म्हणालो.
वाढदिवसाला अजून बारा दिवस आहेत.

पाळकसाहेब सांगत होते:
आगमनकाळ म्हणजे आतलं घर झाडायचे दिवस,
झाडताना धूळ नाकात जाणारच.
आणि तिसरा रविवार तेवढा आनंदाचा,
म्हणून एक मेणबत्ती गुलाबी.
मी कमिटीचा खजिनदार,
आनंदाची पावती मलाच फाडायची होती.

घरी रिबकानं कपाट उपसलं.
तुटकी चांदणी, जुन्या वह्या,
आणि तळाच्या कप्प्यातून
गाठ मारलेली अर्धी पिशवी गुलाल.
"पप्पा, हा कशाचा?"

कशाचा.
चर्च कमिटीच्या निवडणुकीचा, तीन वर्षांपूर्वीच्या.
बेचाळीस विरुद्ध अडतीस.
पडला तो माझा थोरला भाऊ.
फाटकाबाहेर हलगी कडाडली,
आणि मी, प्रभुभोजनाचं ताट धरणारा,
त्याच्या उंबऱ्यावर मूठभर गुलाल फेकून आलो.
वहिनीनं नुसतं दार लावून घेतलं.
सकाळी तिनं उंबरा घासला,
मी कोपऱ्यावरनं बघत होतो.
डाग महिनाभर राहिला.
तेव्हापासून आम्ही दोघं
एकच गीत
दोन टोकांच्या बाकांवरनं म्हणतो.

रिबकाला यातलं काय ठाऊक?
तिनं पांढरी मेणबत्ती कोमट तव्यावर फिरवली,
मऊ पडली तशी गुलालात लोळवली.
"झाली की गुलाबी!"
नाकाच्या शेंड्यालाही रंग.

रात्रभर डोळ्याला डोळा नाही.
पहाटे चारला गाडी काढली.
पंचगंगेवर धुकं, पुढं उसाच्या ट्रॉल्या,
त्यांच्या मागं मागं वडणग्यापर्यंत.
तिथल्या गुऱ्हाळावर थोरला गुळव्या आहे.

काहिलीत रस खदखदत होता.
रानभेंडीचं पाणी पडलं की मळी वर येते,
काळपट, हिरवट, फेसाळ,
जे आत होतं ते सगळं.
झाऱ्यानं तो ती काढत होता,
माझ्याकडं न बघता.
"आण्णा, त्यो गुलाल..."
पुढचं घशातच अडकलं.
"थांब," तो म्हणाला,
"आत्ता हात सोडला तर मळी मुरती आत."

थांबलो.
चुलवाणात चिपाडं धडधडत होती,
तोंड भाजत होतं, पाठ गारठत होती.
रस काळ्याचा तांबूस झाला, तांबूसाचा सोनेरी,
आणि मला घाई नव्हती,
तीन वर्षांत पहिल्यांदा.

मग त्यानं वाटीत चमचाभर काकवी घातली,
पुढं केली.
"पोळंल. फुकून खा."
थोड्या वेळानं, काहिलीकडं बघतच,
"गूळ व्हायला येळ हाय अजून."

साडेनऊच्या उपासनेला रिबकानंच मेणबत्ती लावली.
गुलाल तडतडला, ठिणग्या उडाल्या,
धूर थेट पाळकसाहेबांच्या नाकात.
आशीर्वचनाऐवजी एक शिंक.
लहान पोरं फिसकली,
आणि पाठीमागनं, दाराजवळच्या बाकावरनं,
एक हसणं आलं,
जाडंभरडं, खोकल्यात अडकणारं.
लहानपणी एका वाकळेखाली ऐकलेलं.
वळून बघितलं.
उशिरा आला होता, बाहीला फेस वाळलेला.
शेजारी वहिनी, तोंडाला पदर लावून,
खांदे हलत होते तिचे.

बोलणं झालं नाही.
चौथी मेणबत्ती अजून पेटायची आहे,
उंबऱ्यावर जायचं आहे मला, दिवसाढवळ्या.

संध्याकाळी हिशेबाची वही उघडली.
जांभळ्या तीन, पांढरी एक, दर लिहिले.
गुलाबी एक.
खर्चाच्या रकान्यात पेन घुटमळलं.
बोटाच्या पेरांत रंग होता, साबणानं न गेलेला.
जमेकडं लिहिली.