नाकाच्या खात्यावर

पहाटे साडेपाचला साखळी खुंटीवरनं काढली
की खर्डा शेपटीनं दारातल्या चपला उडवतो.
माझ्या मनगटावर पोरीनं बांधलेलं घड्याळ,
पावलं मोजणारं.
डॉक्टर म्हणालेत, साखर वाढलीय, चाला,
पण दम लागेल असं चाला,
भाजी घ्यायला निघाल्यासारखं नको.

आणि खर्ड्याच्या डॉक्टर, शिरोळकर बाई,
सुई टोचता टोचता म्हणाल्या,
काका, नुसतं पळवू नका त्याला,
नाक चालू द्या.
पाय दमले की कुत्रं आडवं होतं,
नाक दमलं की झोपतं.

आता एका साखळीला दोन डॉक्टर.

रंकाळ्याच्या टॉवरपासनं आम्ही सुटतो.
शंभर पावलांत पहिला खांब.
मग भेळेच्या गाड्याखालची रात्रीची ओल.
मग एक दगड. मला त्यात काही दिसत नाही,
पण खर्डा त्याच्यापाशी असा थांबतो,
जसं कुणी दवाखान्यात कॉटशेजारी उभं राहावं.
घड्याळ थरथरतं.
मागनं घाटगे सर हात झुलवत पुढं जातात,
"काय ओ आण्णा, कुत्रं तुमास्नी फिरवालंय व्हय?"
मी हसतो, साखळी ओढतो.
खर्डा चारी पाय रोवतो,
लाल मातीतला गडीच.

तीस वर्षं मार्केट यार्डात गुळाच्या अडतीवर
मी वह्या लिहिल्या. जमा डावीकडं, नावे उजवीकडं.
म्हटलं, ह्याचाही हिशेब घालू.
टॉवर ते संध्यामठ माझं: मान वर, पाय उचल.
तिथनं पुढं झाडाझाडांतनं त्याचं.

चार दिवस वही जुळली.
पाचव्या दिवशी, संध्यामठ दहा पावलांवर असताना,
नुकत्याच धुतलेल्या म्हशी रस्ता ओला करून गेलेल्या.
ती ओल माझ्या हद्दीत.
मी ओढलं.
आणि तो आला.
न भांडता, खाली मान घालून, माझ्या पावलाला पाऊल.
त्याची हद्द लागली तरी तसाच चालत राहिला.
आठ हजार भरली त्या दिवशी.
रात्री पाणी प्यायला उठलो तर
हा दाराच्या फटीला नाक लावून बसलेला,
बाहेरनं जेवढं आत येईल तेवढं घेत.

तेव्हा दत्तोबा खोत आठवले.
सौद्याला रव्यांची रांग, व्यापाऱ्यांचा गलका,
आणि दत्तोबा चिमूटभर गूळ मोडून
नाकाशी धरून डोळे मिटायचे.
कुठल्या गावचा ऊस, काहील घासली होती का नाही,
पाक उतरवायला कुणाला उशीर झाला,
सगळं त्या चिमटीत.
आमची पेनं वर धरलेली. कुणीतरी खेकसायचं, आटपा की!
दत्तोबा डोळे न उघडता म्हणायचे,
"थांब की लेका, अजून यायचाय."
ती मिनिटं मी कधी कुठल्या खात्याला लिहिली नाहीत.
भाव मात्र त्यातनंच निघायचा.

हल्ली हद्द नाही.
एखाद्या दिवशी मी ओढतो, एखाद्या दिवशी तो,
कधी दोघंही चुकतो.

आज कठड्याशी तो थांबला तो थांबलाच.
घड्याळाचा हात मी खिशात घातला
आणि वाकलो. गुडघे कडकडले.
ओलं सिमेंट. विझलेली बिडी.
पुढचं मला वाचता येईना,
त्याला येत होतं, त्याच्या नाकपुड्या फडफडत होत्या.
घाटगे सरांची दुसरी फेरी आली.
"काय हरवलं काय, आण्णा?"
"थांबा की सर," म्हटलं, "अजून यायचाय."

मग खर्ड्यानंच अंग झटकलं, आणि घरापर्यंत आम्ही
अक्षरशः पळालो. दम लागला, दोघांनाही.
साखर किती उतरली
ते सोमवारी रिपोर्ट आला की कळेल.