उजवा डोळा

आमच्या गावाच्या नावातच गरम वारा आहे.
मार्साश्लॉक. मार्सा म्हणजे बंदर,
आणि श्लॉक हा पाठ करायचा श्लोक नव्हे,
सहारातून निघून समुद्र ओलांडून येतो तो,
दोरीवरचे कपडे वाळवतो, पुन्हा दमट करतो,
त्या दिवसांत माणसं मिठावरूनही भांडतात.

अशा गावात माझा भाऊ रेडेंट
गार हवा शोधत होता.
स्वतःसाठी नाही. गाडीसाठी.

गाडी म्हणजे मावशीची जुनी मिनी,
बाजारच्या पिशवीएवढी,
तिच्यात त्यानं तेराशेचं इंजिन कोंबलं,
मागची सीट काढली, गालिचा काढला,
काचांच्या जागी प्लास्टिक बसवलं,
तरी शर्यतीच्या चढावर, तिसऱ्या वळणानंतर,
भर दुपारी मिरवणुकीत निघालेल्या
लठ्ठ पाद्र्यासारखी ती धापा टाकायची.

मी फेरीबोटीवर तिकिटं फाडते. इंजिनातलं मला कळत नाही.
पण आईचा मुरंब्याचा थर्मामीटर
मीच चोरून आणून दिला त्याला.
कार्बोरेटरच्या तोंडाशी तो तारेनं बांधून
झेय्तुनपर्यंत जाऊन आलो आम्ही.
बाहेर चौतीस. बॉनेटखाली एकाहत्तर.
"बघ," तो म्हणाला, "एक्झॉस्टच्या डोक्यावर बसून
बिचारी आपल्याच अंगाची वाफ पिते."

मग नळ्यांची भानगड.
पहिली कपडे सुकवायच्या यंत्राची,
ती पहिल्याच दिवशी मॅनिफोल्डला टेकून वितळली,
आठवडाभर गल्लीत जळक्या मोज्यांचा वास.
दुसरी समोरच्या जाळीमागून ओढली,
पण वळणं इतकी, की हवा वाटेतच कंटाळली.
एकोणसाठ.
तिसऱ्या वेळी तो गाडीपुढे उकिडवा बसला,
मुलाचा घसा बघावा तसा, बराच वेळ,
आणि उठून त्यानं उजवा दिवा काढला.
डावीकडे रेडिएटर गरम फुंकतो, म्हणून उजवा.
एवढंच कारण. मी विचारलं होतं.

भोकाच्या कडेला आईच्याच केकच्या साच्याचा गोल काठ,
आत सरळ, रुंद, आखूड नळी,
तोंडावर माशा अडतील एवढी जाळी.

पलीकडे म्हातारा वेंझू आपली होडी रंगवत होता.
इथे होडीच्या नाकाडावर दोन डोळे काढतात,
डोळ्यांशिवाय ती घरी कशी परतेल?
तो ब्रश हातात घेऊनच आला,
भोकात वाकून पाहिलं, "हं" म्हणाला, गेला.
सकाळी भोकाभोवती डोळा होता,
वर निळी कमानदार भुवई, खाली पिवळी रेघ.
रेडेंट चिडला. "रंगाला वजन असतं!"
सीटांची कव्हरंसुद्धा तोलून फेकणारा माणूस.
पण पुसला नाही त्यानं.

बेचाळीस.
बेचाळीसला गार कोण म्हणेल?
एकाहत्तरातून सुटून आलेला म्हणेल.

शर्यतीत पावणेदोन सेकंद कमी लागले.
नंबर तोच, अकरांत नववा.
बाकीच्यांनीही उन्हाळाभर
काहीतरी कापलंच असणार.

त्या वर्षीच्या अंजिराच्या मुरंब्याला
पेट्रोलचा किंचित वास होता.
आईनं विचारलं नाही, आम्ही दोघांनी
पावाला जाड थर लावून तो संपवला.

शर्यतीहून परतल्यावर, धक्क्यावर,
इंजिन चालू ठेवून तो म्हणाला, "हात धर."
मी त्या डोळ्यासमोर तळहात धरला.
ओढ लागली. फार नाही,
बाळ बोट चोखतं तेवढी,
जाळीत अडकलेलं माशाचं एक खवलं
थरथरत होतं.
मी हात काढला नाही.
इंजिन अडखळलं,
तेव्हा काढला.