अर्धा ग्रॅम

सांवेर रोडच्या कारखान्यात
चारशे पाकिटं जुन्या मशीनची, चारशे नव्याची.
तीन दिवस मी तोलत बसले,
नाकात हिंग आणि लवंग,
वहीच्या कडांना तेलाचे डाग.

जुन्याची सरासरी दोनशे एक पूर्णांक एक,
नव्याची अर्धा ग्रॅम कमी.
अर्धा ग्रॅम म्हणजे शेवेचे दोन तुकडे,
उभ्या उभ्या तोंडात टाकावेत
आणि विसरावेत.

आधी मानायचं असतं : फरक नाहीच.
मी मानलं. जरा जास्तच मनापासून मानलं,
कारण जुन्या मशीनवर गेंदालालजी बसतात,
एकोणीस वर्षं,
पट्टा सरकला तर कानानं ओळखतात.
मग गणित म्हणालं :
फरक नसताच, तर एवढी तफावत, किंवा याहून मोठी,
शंभरात दोनदाच दिसली असती.
हातातलं शून्य मी हळूच खाली ठेवलं.

पोरवाल शेठ खूश. "म्हणजे पक्कं ना, मॅडम?"
फरक आहे, म्हटलं, पण केवढा ते ऐका.
एकाच मशीनची पाकिटं आपसात
तीनेक ग्रॅम इकडेतिकडे होतात,
हा अर्धा त्याचा सहावा हिस्सा.
डोळे मिटून दोन्हींतलं एकेक उचला, शंभर वेळा.
पंचावन्नदा जुन्याचं जड निघेल,
पंचेचाळीसदा नव्याचं.
रात्री बाराला सराफ्यात पोह्यांवर शेव भुरभुरणाऱ्याला
यातलं काही कळायचं नाही.

शेठनी सगळं ऐकलं.
कॅल्क्युलेटर पुढे ओढला.
दिवसाला चाळीस हजार पाकिटं.
वीस किलो शेव, रोज, फुकट.
आकडा माझ्याकडे फिरवून ठेवला
आणि चहा सांगितला.

लहान म्हणजे लहान, असं मी धरून चालले होते.
लहान कुणाला,
हा रकाना माझ्या तक्त्यात नव्हता,
आणि एकोणीस वर्षं कशानं भागायची
तेही कुठल्या पुस्तकात सापडलं नव्हतं.

निघताना गेंदालालजी दारापर्यंत आले,
हात पुसत, बेसनाचे.
"काय निघालं, बेटी?"
अर्धा ग्रॅम.
"बस, एवढंच?"
ते हसले, मान हलवली,
आणि परत जाऊन
पट्ट्याला कान लावून उभे राहिले.
मी चूक दुरुस्त केली नाही.
चूक होती की नाही, तेच अजून ठरत नाहीये.