जंगम

सकाळी साडेदहा. फुलेवाडी, चौथा स्टॉप.
खिशात वॉरंट, बगलेत कार्बन घातलेलं पॅड,
मागे बँकेचा पोरगा, हेल्मेट न काढलेला,
आणि दोन पंच: एक दूधवाला,
दुसरा कोपऱ्यावर मोकळा उभा होता म्हणून.

मी बेलीफ. सव्वीस वर्षं झाली.
दारावरचं नाव वाचायच्या आधी
मला माणसाचा दरखास्त नंबर पाठ असतो.

ईश्वर गणपा कोरवी. कागदावर 'ऋणको'.
मुद्दल एक लाख ऐंशी हजार, कारण: घरगुती.
हप्ते भरले अकरा. मग फोन, मग पत्रं,
मग वकिलाची नोटीस, 'घर बंद' शेऱ्यानं परत आलेली,
मग समन्स, मग तारखा. तो एकदाच आला
आणि 'देनार न्हाई असं न्हाई' एवढंच बोलला.
कोर्टाला हो किंवा नाही लागतं.
हुकूमनामा त्याच्या गैरहजेरीत झाला.
व्याज मात्र एकाही तारखेला गैरहजर नव्हतं.
आजअखेर दोन लाख एक्याण्णव.

दार उघडंच होतं. बाईंनी विचारलं, 'च्या ठेवू?'
घेऊ नये असा नियम नाही, पण मी घेत नाही.
पंचांनी घेतला.

लोकांना वाटतं आम्ही घर धुऊन नेतो.
तसं नसतं. कलम साठ आहे.
अंगावरचे कपडे, चुलीवरची भांडी, अंथरूण,
यांना हात लावायचा नाही. मंगळसूत्राला नाही.
कारागिराच्या अवजाराला नाही.
कुणीतरी कधीतरी निवांत बसून ठरवलं असणार
माणसाजवळ शेवटी काय उरू द्यायचं.

लिहीत गेलो: टीव्ही एक, रिमोटला रबरबँड.
फ्रिज एक, दार दोरीनं बांधलेलं.
ट्रंक एक. उघडली.

सोळा लाल कोट. खांद्यावर सोनेरी झालर,
डांबरगोळ्यांचा वास.
हेच ते घरगुती कारण.
शिवून आले त्या महिन्यात लग्नं बंद झाली,
सुरू झाली तेव्हा वरातीपुढं डॉल्बी होता.

'कपडे आहेत,' मी म्हणालो. 'नेता येत नाहीत.'
हेल्मेटच्या आतून पोरगा म्हणाला, 'सोळा?'
याचं उत्तर कलमात नव्हतं.

कोटांच्या तळाशी, टॉवेलात गुंडाळलेली, क्लॅरिनेट.

पोरगा मोबाइलवर तिची किंमत बघायला लागला.
मी विचारलं, विचारावंच लागतं,
'यावर पोट आहे ना?'
तो 'ना' मी मुद्दाम जोडला होता.
नुसती मान हलवायची होती.

बाई म्हणाल्या, 'हाय. हाय की.'

ईश्वर म्हणाला, 'न्हाई सायब.
टेम्पो चालवतो मार्केट यार्डात, दुसऱ्याचा.
हिला तीन वर्सं तोंड लावलं न्हाई.
फारमावर एकदा लिवलं घरगुती म्हनून.
तेवढं बास.'

दूधवाल्यानं कप खाली ठेवला.
रस्त्यावरून केएमटी गेली, फळीवरची भांडी वाजली.
मी पेन धरून उभा.
अवजार म्हणजे काय? पोटाला लागतं ते
की बोटांना आठवतं ते?
निकालपत्रांत कुठेतरी सापडेल. मी दहावी पास.

लिहिलं: वाद्य एक, लाकडी, जुनं, नादुरुस्त.
किंमत निरंक. जप्त केलं नाही.

पोरानं वाचलं. माझ्याकडं बघितलं.
संध्याकाळी त्यालाही वरच्याला आकडा सांगायचा असतो.
काही बोलला नाही, फक्त हेल्मेट काढलं.
केस घामानं चिकटलेले. विशीतलाच.

पंचांच्या सह्या झाल्या. मग ईश्वरची,
सावकाश, वेलांटीला पूर्ण वळण देऊन.
बाकी दोन लाख चौऱ्याऐंशी. पुढची तारीख सोळा.

टीव्ही काही जड नव्हता.
तरी एक बाजू त्यानं धरली,
आणि पायरी आली तेव्हा मला म्हणाला,
'सावकास. हितं फरशी हालती.'