सोडण

ज्या हातांनी चाळीस वर्षं होडी घासली
त्याच हातांनी विश्राम तांडेलानं
लेकाची नवी गाडी घासली.
दसऱ्याच्या आदल्या दिवशी,
नारळाचं सोडण, मूठभर वाळू, विहिरीचं पाणी.

कुंभारमाठात, माझ्या पत्र्याच्या शेडमध्ये, आली.
काळा रंग. बॉनेटवर दिवा धरला
तर पुरती रापण पसरलेली.

लेक म्हणाला, सगळं घालवा.
म्हातारा काहीच बोलला नाही,
बादली उपडी घालून दाराशी बसला.

आधी क्ले फिरवला, मीठ निघालं.
मग कडांना टेप, मग मशीन,
एका वेळी हातभर चौकोन.
लोकांना वाटतं, ओरखडा भरून निघतो.
भरत नाही.
भोवतीचा चांगला रंगच
त्याच्या तळापर्यंत उतरवावा लागतो,
केसाच्या विसाव्या हिश्श्यानं.

हे मी मोठ्यानं बोललो असणार,
कारण मागून आवाज आला,
"होडयेचा पण तसाच. कालवां खरवडुची,
वांगडा थोडी फळी पण जाता."

तिसऱ्या दुपारी बॉनेटमध्ये शेडचे पत्रे दिसले,
भोकांतून गळणारं ऊन,
आणि तो, उलटा.
मागच्या दाराखाली एक घाव राहिला,
प्राइमरपर्यंत गेलेला.
त्याला हात लावला नाही. बिलात तसं लिहिलं.

"हिका धुवची कशी आता?"

मी मायक्रोफायबरचं फडकं दिलं.
त्यानं ते तळहातावर पसरलं, दाबून पाहिलं,
परत द्यायला गेला
तर सुटेना.
भेगाभेगांत धागे अडकलेले.