चाळलेली माती

सिनावच्या पुढे डांबर संपतं, तिथून सहा किलोमीटर.
नासर बिन खल्फानने रान दाखवलं:
चार घाफची झाडं, एक कोरडा पाट.
म्हणाला, इथे शंभर मीटर.
आणि डावा डोळा मिटून
पश्चिमेकडे बोट रोखलं.

परवान्यावर सात शिक्के होते.
बांधाची उंची पाच मीटर, माथा दीड,
उतार असा की वाऱ्याने माती घसरू नये.
मी लेव्हल लावली, मोतालेबने पट्टी धरली,
दुर्मुहम्मदने जेसीबीचा दात जमिनीत रोवला.

आमच्याकडे, देवरुखखाली, बांध वीतभर.
काका पावसाळ्यात तो बोटभर कोरायचा,
बाप दिवाळीनंतर तेवढाच भरून काढायचा.
दोघंही गेले. बांध आहे तिथेच आहे.
हा पाच मीटर,
आणि याला शेजारीच नाही.

माती चाळा, अरबाब म्हणाला, सगळी.
दगड लागला की गोळी मागे फिरते
आणि मागे कोण उभा आहे ते विचारत नाही.

मग अकरा दिवस जाळी, फावडं, खडखडाट.
मऊ इकडे, टणक तिकडे.
नाकात, डाळीत, उशीत तीच धूळ.
मोतालेब म्हणाला, बरिशालला एवढी माती चाळली असती
तर भाताने कमरेला हात लावला असता.
इथे काय येणार? शिसं.
आम्ही हसलो.
दुर्मुहम्मद म्हणाला, आमच्या गावात येतं,
न चाळताही.

बाराव्या दिवशी ती आली.
चोचीसारखा मुखवटा, वीस-बावीस शेळ्या.
मशीन थांबलं.
शेळ्या ढिगावर चढल्या, चारी बाजूंना बघितलं,
पलीकडे उतरून गेल्या. ती काही बोलली नाही.
मी दुर्बीण वळवली.
नकाशात नसलेली वाट: लेंड्यांची एक रेघ,
दोन टेकाडांमधून,
बांधाच्या माथ्यावरून नेम सुटला तर नेमकी तिथे.

रात्री केबिनमध्ये मी आखणी फिरवली,
चौदा अंश उत्तरेला.
सकाळी सांगितलं, थंडीत संध्याकाळचं ऊन
डोळ्यावर येईल, अरबाब.
नासरने आकाशाकडे बघितलं, मग वाटेकडे,
मग बराच वेळ माझ्याकडे.
शम्स, म्हणाला. बरोबर. ऊनच.
जादा डिझेलचे पैसे त्याने मोजून दिले.

दगडांचा ढीग कुणी उचलायला सांगितला नव्हता.
तो रोज थोडा कमी व्हायचा.
महिन्याने टेकाडामागे गेलो
तर कमरेएवढा गडगा, शेळ्यांपुरता,
चुना नाही, सिमेंट नाही,
आमच्या गावात रचतात तसाच, दगडाला दगड दाबून.
दोन ठिकाणी माझ्या खडूच्या खुणा.

पहिल्या शुक्रवारी नासरने आजोबांची बंदूक काढली.
आवाज मोठा नव्हता.
बांधावर फक्त चिमूटभर धूळ उठली, बसली.
मला म्हणाला, घे, एक मार.
मी म्हटलं, माझा डोळा आडव्या रेघेचा आहे.

लाल झेंडा उतरल्यावर बांधात कोपरापर्यंत हात घातला.
सापडली. अजून कोमट,
मोड आलेल्या वालासारखी वाकलेली.
मोतालेब ओरडला, अरे, उगवली की!
मी ती दुर्मुहम्मदपुढे धरली.
त्याने हात पुढे केला नाही.
टाकीखाली जाऊन
हात धुवत राहिला.