अपूर्णांक

जुनेद बागवाननं त्याचं जुनं यंत्र मला दिलं,
डावं बटण अडकणारं, पडद्यावर चरा.
गंगावेशीच्या कट्ट्यावर
आप्पांची शेवटची कासंडी रिकामी होईस्तोवर
मी अंडी उबवत बसायची.

एकातून निघालं ते चिखलाच्या रंगाचं,
कपाळावर गारगोटी, बोटांत पडदे.
जुनेदनं वही उघडली.

आधी जात, म्हणाला. तिचा आकडा ठरलेला.
(मुऱ्हा किती देणार, पंढरपुरी किती,
हे आप्पांनाही झोपेत विचारा.)
मग जन्माचा आकडा, शून्य ते एकतीस,
ताकदीचा वेगळा, वेगाचा वेगळा.
तीन येतात आईबापाकडून,
उरलेले कुणाकडूनच नाहीत.
खेळ ते दाखवत नाही कधी,
आणि एकदा पडले की बदलत नाहीत.

मग स्वभाव.
हे लाजरं निघालं: वेग दहावा हिस्सा जास्त,
मार दहावा हिस्सा कमी.

आणि शेवटी राबणं.
चार वेळा राबलं की एक गुण,
तेही शंभराव्या पायरीवर,
आणि जन्मभराचं राबणं मिळून पाचशे दहा.
पुढं कितीही झुंजव, अंगाला लागत नाही.

जातीची दुप्पट, त्यात जन्म, त्यात राबण्याची चौथाई,
गुणिले पायरी, भागिले शंभर, अधिक पाच.
शेवटी स्वभावाचा दहावा हिस्सा.
माझ्या पोराचा वेग आला शहाऐंशी पूर्णांक नऊ.
शहाऐंशी लिही, म्हणाला जुनेद.
आणि नऊ?
सोडायचा.
जातो कुठं?
कुठं नाही. खेळ गिळतो.

त्या दिवाळीआधी आप्पा म्हैस घ्यायला गेले, मी मागं.
व्यापारी दुधाचे लिटर सांगत होता,
आप्पा पोटाखालची शीर बोटानं चाचपत होते.
"आधी हिची आई दाव."
आई विकून झाली होती.
आप्पा बराच वेळ शेपूट धरून उभे राहिले
आणि तीच घेतली. भिंगरी.

दूध बेताचं. परका माणूस दिसला की पान्हा चोरायची.
पाडव्याला शिंगं रंगवून, मोरपीस लावून
काकाच्या गाडीमागं सोडली,
तर सगळ्या पेठेला मागं टाकून
घाटापर्यंत एकटी.
मी वहीत लिहिलं: लाजरी.

त्याच रात्री सामना.
माझं शहाऐंशी, समोरचं शहाऐंशी.
बरोबरी झाली की यंत्र आतल्या आत नाणं उडवतं.
पहिला वार त्याचा. दुसऱ्याची गरज पडली नाही.
मला त्या सोडलेल्या नऊचा राग आला,
जणू तो कुणाच्या खिशात आहे.

सकाळी कट्ट्यावर सोनार गल्लीतला म्हातारा आला,
ग्लास पुढं केला.
आप्पांनी काठोकाठ भरला, त्यानं अर्धा प्यायला,
परत पुढं केला,
आणि आप्पांनी न बघता वर एक धार सोडली.
फेस त्याच्या मिशीला लागला.

"ही वरची कशात मांडता?"
"मांडायची न्हाई. ग्लास पुढं हाय तवर घालायची."
मग माझ्या वहीकडं बघून,
"आन् तू रोज एवढं काय लिवतीयास?"

भिंगरी दावणीला उभी होती,
कान माझ्याकडं, डोळे दुसरीकडं.
मी पान उलटलं,
शहाऐंशीच्या पुढं बारीक टिंब दिलं
आणि नऊ लिहिला.